सशाच्या हातात गाजर कुणी दिलं?

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. घरी दोन महिन्यांपूर्वी ससा आणलाय. गाजर, पाव, बिस्किट, सगळं आवडीनं खायचा. कालपासून मात्र कोपऱ्यात बसून आहे, काही खात नाही, लेंड्याही टाकत नाही. "दादा, त्याला काय देऊ?" त्याला मी लगेच एकच उत्तर पाठवलं: काही देऊ नकोस, आत्ताच्या आत्ता प्राण्यांच्या डॉक्टरकडे ने. बारा तास न खाल्लेला ससा म्हणजे इमर्जन्सी असते. सशाचं पोट सतत हलतं लागतं, ते थांबलं की आत गॅस धरतो, आणि दिवसभरात प्राणी जाऊ शकतो. त्याला उलटीसुद्धा करता येत नाही, म्हणजे बाहेर पडायचा तो रस्ताही बंद. तो मुलगा त्याच संध्याकाळी गेला, ससा वाचला.

पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला. गाजर, पाव, छोटा पिंजरा, एकटा ससा. हे सगळं आपल्याला शिकवलं कुणी? गायीला काय घालायचं हे आजीला विचारावं लागत नाही, ते घरातच माहीत असतं. सशाचं असं का नाही? म्हणून आजचा भाग.

सुरुवात शब्दापासून करूया. मराठीत आपण दोन वेगवेगळ्या प्राण्यांना 'ससा'च म्हणतो. पंचतंत्रात सिंहाला विहिरीत उडी मारायला लावणारा, कासवाशी शर्यत हरणारा, चंद्रावर बसलेला, म्हणून चंद्र 'शशांक', हा आपला रानससा. इंग्रजीत हेअर. तो बीळ करत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो. त्याची पिल्लं जन्मतानाच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. दुकानात मिळतो तो वेगळा, रॅबिट. तो बिळात राहतो, कळपात राहतो, आणि त्याची पिल्लं जन्मतात तेव्हा उघडी, आंधळी, आईवर अवलंबून. दोघांची जातकुळी इतकी वेगळी की त्यांची संकरित पिल्लंही होत नाहीत.

(जाता जाता एक सांगतो. ऊसतोडीच्या वेळी फडात रानसशाची पिल्लं सापडतात आणि पोरं ती घरी आणतात. आणू नका. आई जवळ दिसत नाही म्हणजे ती सोडून गेली असं नाही, ती मुद्दामच दिवसभर लांब राहते. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पाळता येत नाही.)

म्हणजे गंमत बघा. आपल्याकडे सशाच्या गोष्टी हजारो वर्षांच्या, पण पाळायच्या सशाबद्दल परंपरेतलं ज्ञान जवळजवळ शून्य. कारण तो प्राणी इथला नाहीच.

तो आहे स्पेन-पोर्तुगालचा, आणि थोडाफार दक्षिण फ्रान्सचा. कोरडा प्रदेश, खुरटं गवत, झुडपं, आणि खाली भुसभुशीत माती. दिवसा बिळात गार बसायचं, पहाटे आणि संध्याकाळी बाहेर येऊन गवत कुरतडायचं. रोमन लोक तिथे पोचले आणि त्यांना हा प्राणी खायला आवडला. इ.स.पू. ३७ मध्ये व्हॅरो नावाच्या रोमन लेखकानं शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात भिंतीच्या आवारात ससे ठेवायची माहिती आहे. आणि प्लिनी लिहितो की बॅलिआरिक बेटांवर ससे इतके वाढले, पिकं इतकी खाल्ली, की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली. सशांविरुद्ध सैन्य! 'भित्रा ससा' म्हणणाऱ्या आपल्याला हे जरा पचायला जड जातं.

आता पुढची गोष्ट तुम्ही इंटरनेटवर नक्की वाचली असेल. साधारण इ.स. ६०० मध्ये पोप ग्रेगरी यांनी जाहीर केलं की सशाची नवजात पिल्लं म्हणजे मांस नव्हे, मासे, उपवासाला चालतील. मग फ्रान्सच्या मठांमध्ये भिक्षूंनी ससे पाळायला सुरुवात केली, आणि असा ससा माणसाळला. मस्त गोष्ट आहे. पुस्तकांत आहे, शोधनिबंधांत आहे.

२०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ही गोष्ट मुळापर्यंत शोधली, तर तिथे पोपचा असा कुठला आदेशच नाही. मूळ सापडतं दुसऱ्याच ग्रेगरीकडे, तूर शहराचा बिशप, सहाव्या शतकातला इतिहासकार. आणि त्यानं लिहिलंय एवढंच की एक आजारी सरदार उपवासाच्या पवित्र काळात सशाची पिल्लं खायचा, आणि लवकरच मेला. बस्स. ना मासे, ना मठ, ना परवानगी. नावाचा घोटाळा झाला आणि पुढचे लोक एकमेकांचं वाचून लिहीत गेले. मग ससा माणसाळला कधी? त्याच संशोधकांचं म्हणणं असं की एका वर्षावर बोट ठेवताच येत नाही. रोमन आवारं, मध्ययुगातली राखीव रानं, मग खुराडी, असं हळूहळू होत गेलं.

मला ही गोष्ट फार आवडते, कारण गाजराचंही अगदी असंच झालंय.

बीट्रिक्स पॉटर ही इंग्लिश लेखिका. तिनं स्वतः ससे पाळले होते, त्यातल्या बेंजामिनला ती दोरी बांधून फिरायला न्यायची. १९०२ मध्ये तिचं पीटर रॅबिटचं पुस्तक आलं. पीटर शेजारच्या बागेत घुसतो आणि काय खातो? लेट्यूस, शेंगा, मुळे, आणि पोट बिघडलं म्हणून पार्सली शोधत फिरतो. गाजर खातच नाही! ज्या बाईनं ससे जवळून पाहिले होते, तिनं पालाच लिहिला. मग १९३४ मध्ये हॉलिवूडचा एक सिनेमा आला, 'इट हॅपन्ड वन नाइट'. त्यात क्लार्क गेबल रस्त्याच्या कडेला टेकून, तोंडात गाजर चावत, भराभर बोलतो. १९४० मध्ये बग्स बनी पडद्यावर आला तो त्याच ऐटीत गाजर खात. बग्स रंगवणाऱ्यांनी नंतर सांगितलंय की ती लकब गेबलचीच. म्हणजे गाजर हा सशाचा आहार नाहीये, तो एका नटाच्या सीनवरचा विनोद आहे. आणि त्या कार्टूनचं नाव काय होतं? 'अ वाइल्ड हेअर'. म्हणजे घोटाळा फक्त मराठीतच आहे असं समजू नका.

गाजरात साखर भरपूर असते. आठवड्यातून एकदोनदा, अंगठ्याएवढा तुकडा, खाऊ म्हणून ठीक आहे. पण सशाचं खरं जेवण म्हणजे गवत. सुकं गवत, चोवीस तास समोर, हवं तेवढं. आहाराचा मोठा हिस्सा तोच. कारण त्याचे सगळे दात, दाढांसकट, आयुष्यभर वाढत राहतात, आणि गवत चघळून चघळूनच ते झिजतात. पाव खाऊन काय झिजणार? दाढा वाढून गालात, जिभेत टोचायला लागतात, मग ससा खाणं सोडतो आणि आपण म्हणतो "नखरे करतोय".

आणखी एक, जे बघून नवीन लोक घाबरतात. ससा स्वतःची लेंडी खातो. सगळी नाही. गवत एकदा पोटातून जाऊन पुरतं पचत नाही, म्हणून तो एक मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी लेंडी टाकतो आणि ती थेट तोंडाने घेतो. त्यात जीवनसत्त्वं असतात. गाय रवंथ करते, ससा हे करतो. त्याला हटकू नका.

महागडं इम्पोर्टेड गवत परवडत नसेल तर आपल्या दूर्वा आहेतच. फवारणी नसलेल्या जागेवरच्या, धुऊन दिलेल्या, नाहीतर सुकवून ठेवलेल्या. कोथिंबीर, मुळ्याचा पाला चालतो. लसूणघासात कॅल्शियम जास्त, तो वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्या सशाला रोज नको. कांदा-लसूण तर अजिबातच नाही.

आता पिंजऱ्याकडे येऊ, कारण माझ्या मते खरा इतिहास इथे आहे. युरोपात शेकडो वर्षं ससा पाळला गेला तो मांसासाठी आणि कातड्यासाठी. मांसाचा ससा दोन-तीन महिन्यांत कापतात. तेवढ्याच दिवसांसाठी बनवलेलं लाकडी खुराडं, जागा कमी, साफ करायला सोपं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक हौसेने ससे पाळायला लागले, प्रदर्शनं भरायला लागली, तेव्हा ससा कापणं थांबलं पण खुराडं तेच राहिलं. तीन महिन्यांच्या आयुष्यासाठीची खोली, आणि त्यात राहणारा प्राणी आठ-दहा वर्षं जगणारा! आपल्याकडची तारेच्या तळाची जाळी ही त्याच खुराड्याची नात. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते, फक्त केस असतात. तारेवर टाचा सोलवटतात, जखमा चिघळतात. त्याला सपाट जमीन, चटई आणि रोज काही तास मोकळं पळायला लागतं. एवढी जागा नसेल तर ससा आणू नये, असं मी स्पष्ट म्हणतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

औषधांचंही तसंच. माणसानं सशाच्या शरीराचा अभ्यास खूप केला, पण स्वतःसाठी. ६ जुलै १८८५ ला पाश्चरनं नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला रेबीजची लस दिली, ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. १९४४ पासून सौंदर्यप्रसाधनं सशांच्या डोळ्यांत घालून तपासली जायला लागली. आपल्या देशात प्राण्यांवरच्या अशा चाचण्यांना २०१४ मध्ये बंदी आली. आपल्याकडे सशावर सरकारी काम झालं तेही लोकर आणि मांसासाठी. त्यामुळे कुत्र्या-मांजरांवर हात बसलेल्या सगळ्याच डॉक्टरांना ससा माहीत असतो असं नाही. दोन गोष्टी लक्षात ठेवा: अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली अँटिबायोटिक्स तोंडावाटे सशाला द्यायची नाहीत, पोटातले चांगले जंतू मरून ससा दगावतो. आणि कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला लावायचं नाही, ते विष ठरतं.

माणसाळला म्हणजे त्याची भीती गेली का? थोडीच. २०१८ मधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात रानटी आणि पाळीव सशांचे मेंदू तपासले, तेव्हा पाळीव सशात भीतीशी संबंधित भाग लहान झालेला दिसला. लहान, नाहीसा नव्हे. अजूनही वरून झडप घालणारा हात म्हणजे त्याच्या लेखी घारच. कान धरून तर कधीच उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मागचे पाय जोरात झटकले आणि आधार नसला तर त्याचाच कणा मोडतो. अंघोळही नको, त्या धसक्याने ससे मेलेत.

आणि ऊन. बिळातला प्राणी आपण मे महिन्यात नागपूरच्या पत्र्याखालच्या बाल्कनीत ठेवतो. त्याला घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायला मुख्यतः कानच. तिशीच्या पुढे पारा गेला की त्रास सुरू होतो. गार फरशी, पंखा, आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, तो स्वतःच टेकून बसेल.

एकटा ठेवू नका, पण नर-मादी तशीच आणूनही ठेवू नका. गर्भ ३१ दिवसांचा, आणि व्याल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदारानं शिकारीसाठी इंग्लंडहून २४ ससे मागवले. पुढे त्या खंडावर कोट्यवधी झाले, हजारो किलोमीटर कुंपण घालूनही आवरले नाहीत. तेव्हा दोघांची नसबंदी करून मग जोडी लावा. मादीची तर कराच, न केलेल्या माद्यांना वय वाढल्यावर गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो.

कंटाळा आला म्हणून टेकडीवर नेऊन सोडणारेही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या त्या सशांत रानटी रक्त होतं. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा दुकानातला ससा आपल्या टेकडीवर कुत्र्यांपुढे एक रात्रही काढत नाही.

तुमच्या गावात ससा बघणारा चांगला डॉक्टर असेल तर खाली कमेंटमध्ये गाव लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल. पुढचा भाग मांजरांवर, आणि ती जहाजावर का चढली यावर. भेटूच.