गंज काढायचा, वय नाही

क्रोमच्या फ्रेमची जुनी रेसिंग सायकल कुणाच्या हाती लागली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग काय, नवी कोरी करून घेणार ना?" नवी कोरी म्हणजे जुना मुलामा उतरवायचा, बफिंग मारायचं आणि पुन्हा क्रोम चढवायचं. इतकं, की दांडीत बघून भांग पाडता यावा!

मला विचाराल तर उत्तर आहे, शक्यतो नको. आणि हे नुसतं 'गेले ते दिवस' छापाचं हळवेपण नाही. त्यामागे थोडं रसायनशास्त्र आहे, थोडा इतिहास आहे आणि जुन्या इमारतींवरून युरोपात झालेली कडाक्याची भांडणंही आहेत. एकेक बघू.

उदाहरणासाठी एकच सायकल घेतो, इटलीतली 'विलिएर त्रिएस्तिना'. १९०६ साली पिएत्रो दाल मोलिन या व्यापाऱ्याने बासानो देल ग्राप्पा या गावात हा कारखाना सुरू केला. 'मुक्त आणि उद्धरलेला इटली चिरायू होवो' अशा अर्थाची एक इटालियन घोषणा आहे, तिच्या आद्याक्षरांतून 'विलिएर' हे नाव आलं असं सांगतात. 'त्रिएस्तिना' हे पुढचं नाव दुसरं महायुद्ध संपता संपता जोडलं गेलं. त्रिएस्ते हे बंदर इटलीचं की युगोस्लाव्हियाचं, हा वाद तेव्हा पेटलेला होता. शहराचा कारभार दोस्त राष्ट्रांच्या लष्कराकडे होता आणि ते इटलीकडे परत यायला १९५४ साल उजाडलं.

म्हणजे बघा, फ्रेमवर लिहिलेलं नाव हीच एक राजकीय घोषणा! ती घेऊन या सायकली शर्यतीत उतरल्या. ३० जून १९४६ रोजी 'जिरो दितालिया' शर्यतीचा टप्पा त्रिएस्तेला संपणार होता. वाटेत पिएरिस गावापाशी रस्ता अडवला गेला, दगडफेक झाली आणि शर्यत तिथेच थांबली. तरीही काही स्वार हट्टाने त्रिएस्तेला गेलेच. तिथे पहिला आला तो त्याच शहरात जन्मलेला, विलिएरच्याच संघातला जॉर्दानो कोत्तुर. पुढे १९४८ साली याच संघाच्या फिओरेन्झो मान्यीने अख्खी जिरो जिंकली. फरक किती? तर जवळजवळ तीन आठवडे सायकल हाणल्यानंतर फक्त ११ सेकंद!

या सायकलींची ओळख म्हणजे त्यांचा रंग, 'रामातो'. इटालियनमध्ये रामे म्हणजे तांबं. पण फ्रेम तांब्याची नसते. पोलादी फ्रेमवर आधी क्रोम चढवायचं आणि त्यावर तांबूस झाक असलेला पारदर्शक रंग द्यायचा. खालचा चकचकीतपणा वरच्या रंगातून झिरपतो आणि फ्रेम नुकत्याच चिंचेने घासलेल्या बंबासारखी दिसते.

आता क्रोमकडे वळू. १७९७ साली फ्रान्समध्ये व्होक्लँ या रसायनशास्त्रज्ञाने क्रोमियम शोधलं. ते मुलामा म्हणून बाजारात यायला मात्र १९२० चं दशक लागलं. तोपर्यंत सायकलींवर निकेल चढवत असत. गंमत म्हणजे क्रोम आल्यावरही निकेल गेलं नाही, ते फक्त खाली सरकलं. आपण ज्याला 'क्रोम' म्हणतो त्यात क्रोमचा थर असतो साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन. आपला केस ७०-८० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. गंजापासून खरं संरक्षण करतो तो त्याखालचा, कितीतरी जाड निकेलचा थर. क्रोमचं काम घासलं जाणं सोसायचं आणि चमक टिकवायची. निकेलला काळवंडू न देणं हेही त्याच्याकडेच.

एवढ्या पातळ थराला सूक्ष्म भेगा आणि छिद्रं असणारच. त्यांतून पाणी हळूहळू पोलादापर्यंत पोचतं आणि लालसर ठिपके वर येतात. म्हणजे क्रोम स्वतः गंजत नाही, त्याच्या आडून लोखंड गंजतं. आणि लोखंड उघडं पडलं की निकेल-क्रोमच्या शेजारी ते अजून जोरात झिजतं, खड्डा आतल्या आत खोल होत जातो. त्यामुळे "राहू दे तसंच, छान जुनं दिसतंय" हा दुसऱ्या टोकाचा सल्लाही चुकीचाच. चालू असलेला गंज म्हणजे वय नव्हे, तो आजार आहे.

मग वय कुठे दिसतं? जिथे हात, पाय, चेन, चाक वर्षानुवर्षं घासलं तिथे. क्रोमची झाक किंचित निळसर असते आणि निकेलची पिवळसर. एखाद्या जागी पिवळेपणा डोकावला की समजायचं, इथलं क्रोम वापराने संपलं. चाक बसतं त्या खाचेवर नटाचे ओरखडे असतात, चेनच्या बाजूच्या मागच्या नळीवर चेन आपटल्याच्या खुणा असतात. (पूर्ण क्रोम नसलेल्या सायकलींवरही नेमक्या याच जागा क्रोमच्या ठेवत, कारण रंग तिथे टिकत नाही.) रामातो फ्रेमवर तर वरचा तांबूस रंग जिथे विरला तिथे खालची चांदी उघडी पडते. सायकल कशी वापरली, कुठे उभी राहिली, कुठून ऊन खाल्लं, सगळं त्यात नोंदलेलं असतं.

पुन्हा क्रोम चढवताना नेमकी ही नोंद जाते. आधी जुना थर रसायनाने उतरवावा लागतो, मग बफिंग. बफिंगमध्ये धातूही थोडा जातोच. नळ्या जिथे जोडल्या आहेत त्या नक्षीदार जोडांच्या धारदार कडा बोथट होतात, ठोकलेला नंबर अस्पष्ट होतो. आम्लात हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि रेसिंग फ्रेमच्या नळ्या मुळातच पातळ. शिवाय या कामात वापरलं जाणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात २०१७ पासून त्याचा वापर खास परवानगीशिवाय करता येत नाही.

आता भांडणांकडे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युकचं म्हणणं होतं, की इमारत तिच्या परिपूर्ण रूपात उभी करा, भले ती तशी पूर्वी कधी नसेना का! इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ मध्येच उलटी भूमिका घेतली होती. त्याच्या मते जीर्णोद्धार म्हणजे विध्वंसच, वर शुद्ध खोटेपणा. इटालियन मंडळींनी या दोघांमधून वाट काढली. कामिल्लो बोइतोने १८८३ साली आग्रह धरला, की दुरुस्ती करा, पण नवं काय आणि जुनं काय ते ओळखू येऊ द्या. पुढे रोमच्या सरकारी जीर्णोद्धार संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ च्या पुस्तकात मांडलं, की वस्तूचं एकसंधपण परत आणा, पण इतिहासाची बनावट करू नका आणि काळाच्या खुणा पुसू नका.

आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स करा, पण कमिट हिस्टरी उडवू नका. :)

ब्रांदींनी हे कलाकृतींबद्दल लिहिलं, पण सायकलला ते चपखल बसतं. माझ्या मते कामाचे तीन भाग पडतात.

पहिला, सुरक्षितता. इथे भावनांना जागा नाही. टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल बदलायच्याच. छर्रे रॉकेलमध्ये धुऊन बघायचे, खराब असतील तर नवे टाकून ग्रीस भरायचं. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलला बारीक तडा दिसला तर ते भिंतीवर टांगायचं, त्यावर बसून उतारावर जायचं नाही.

दुसरा, गंज थांबवणं. क्रोमवरच्या ठिपक्यांना पाण्यात भिजवलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल हलक्या हाताने घासली तर गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ असतं. हट्टी गंजासाठी ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य द्रावण (विषारी आहे, हातमोजे हवेतच). पण रामातोसारखा पारदर्शक रंग असेल तर आधी लपलेल्या जागी करून बघायचं. मग कोरडं करून पातळ मेण लावायचं. मेणाची खुबी ही, की उद्या कुणाला याहून चांगला उपाय सापडला तर ते पुसून टाकता येतं. जे उलटवता येत नाही ते शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

तिसरा भाग म्हणजे हात आवरणं. उडालेली अक्षरं, विरलेला तांबूस रंग, चेनच्या खुणा तशाच सोडायच्या. हा भाग सर्वात कठीण, कारण यात करायचं काहीच नसतं!

याचंच मोठं रूप बघायचं तर तोस्कानात जायला हवं. १९९७ साली जानकार्लो ब्रोच्ची यांनी गायोले इन किआंती या गावातून 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण होते. नियम असा की सायकल १९८७ पूर्वीच्या पद्धतीची हवी, गिअरचे खटके खालच्या दांडीवर आणि ब्रेकच्या केबल हँडलच्या बाहेरून. पण ब्रोच्चींना वाचवायचे होते ते तिथले डांबर न पडलेले पांढरे मातीचे रस्ते. जुन्या सायकली त्या रस्त्यांवर धावल्या म्हणून रस्त्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. नुसत्या चकाचक करून काचेआड ठेवल्या असत्या तर हे झालं नसतं.

१९६९ साली गास्ताल्देल्लो बंधूंनी विलिएरचं नाव विकत घेतलं आणि नंतरच्या सायकलींवरही रामातो रंग आला. म्हणजे कुणाला चकचकीत रामातोच हवी असेल तर ती नवी घेता येते. कोत्तुर आणि मान्यीच्या काळातली, अर्धा रंग विरलेली फ्रेम मात्र कुठलाही कारखाना पुन्हा बनवू शकत नाही. ती एकदा बफिंगच्या चाकावर चढली की हातात उरते फक्त एक महागडी नक्कल.

तेव्हा बफिंगवाल्याकडे जाण्याआधी एक संध्याकाळ नुसतं फडकं आणि फॉइल घेऊन बसा. बरंचसं काम तेवढ्यातच होतं.