मिर्झापूर : एकोणिसाव्या शतकातील व्यापार व उद्योग

मिर्झापूर : गंगेच्या दक्षिण तीरावर, प्रयाग व काशी यांच्या दरम्यान वसलेले हे शहर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापूस व धान्य यांची गंगाकाठची एक अग्रगण्य बाजारपेठ गणले जात असे. शेजारच्या विंध्याचल क्षेत्रातील विंध्यवासिनीमुळे यात्रेकरूंना हा प्रदेश पूर्वापार परिचित असला, तरी शहराचा उत्कर्ष देवीच्या यात्रेने झाला नाही. दक्षिणेकडून येणारा खुष्कीचा मार्ग येथे जलमार्गाला मिळत होता, एवढ्या एका भौगोलिक योगावर तो उभा होता.

नागपूर-जबलपूरवरून येणाऱ्या या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मिर्झापुरास उतरे. अमरावतीपासूनचे पाचशे मैलांहून अधिक अंतर वंजाऱ्यांचे तांडे दिवसाकाठी सात-आठ मैलांच्या मजला मारीत तोडीत असत; रोज मुक्कामावर प्रत्येक बैलाच्या पाठीवरील दोन्ही गोणी उतरवायच्या आणि पहाटे पुन्हा लादायच्या, हा क्रम महिनोन् महिने चाले, आणि वाटेत अवकाळी पावसाने गाठले तर भिजून जड झालेला कापूस बैलांना उचलेनासा होई. तरीही १८४२ साली अमरावतीहून एकाच व्यापाऱ्याने एक लक्ष बैलांची ओझी या मार्गाने कलकत्त्याकडे रवाना केल्याची नोंद सरकारी गॅझेटियरांत आहे. मिर्झापुरास हा माल पुन्हा दाबून, गठ्ठे बांधून नावांवर चढविला जाई. १८३४ पासून गंगेवर सरकारी आगबोटी फिरू लागल्या, परंतु अवजड मालाची वाहतूक प्रामुख्याने देशी नावांकडेच राहिली.

या व्यापारातील भांडवलाचा मोठा वाटा दशनामी गोसाव्यांच्या हाती होता, ही गोष्ट संन्यासाच्या प्रचलित कल्पनेशी विसंगत भासली तरी तिच्यामागील व्यवहार सरळ आहे. मठाची संपत्ती गुरूमागून शिष्याकडे जात असल्याने भाऊबंदांतील वाटण्यांनी तिचे तुकडे पडत नसत, आणि ठिकठिकाणच्या मठांच्या संबंधांमुळे दूरच्या मुलखात हुंडीची देवघेव सुकर होई. पुण्याच्या सोमवार पेठेतील गोसावीपुरा हा अशाच सावकारी गोसाव्यांच्या वस्तीचा अवशेष होय.

ज्या मार्गाच्या दुर्गमतेवर मिर्झापूरच्या अडत्यांची पेढी चाले, ती दुर्गमताच आगगाडीने नाहीशी केली. १८६४ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे शहरापर्यंत आली, तेव्हा व्यापार वाढेल असा समज होणे स्वाभाविक होते. पण १८६७ मध्ये मुंबईची लोहमार्गशाखा नागपुरास पोहोचली आणि १८७० मध्ये जबलपूरवरून मुंबई-कलकत्ता मार्ग अखंड झाला, तोवर वऱ्हाडचा कापूस पश्चिमेकडे वळून मुंबई बंदरी जाऊ लागला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईने कापसाच्या निर्यातीत जी आघाडी घेतली, तिच्यापुढे गंगाकाठच्या पेठेचा टिकाव लागणे शक्यच नव्हते.

उद्योगांची स्थिती मात्र वेगळी राहिली. त्यांतील लाखेचा धंदा सर्वांत उल्लेखनीय होय. दक्षिणेकडील अरण्यांतून पळस, कुसुंब, बोर इत्यादी वृक्षांच्या डहाळ्यांवर जमलेली लाख येथे येई. ती कुटून, चाळून पाण्यात धूत. धुतलेल्या पाण्यापासून तांबडा रंग मिळे आणि उरलेल्या दाण्यांस ‘चौरी’ म्हणत. ही चौरी कापडाच्या लांब, अरुंद पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर पिळीत, म्हणजे वितळलेली राळ बाहेर ठिबके; मग तिचा तापलेला थर कारागीर हात, पाय आणि दात यांनी धरून कागदासारखा पातळ होईपर्यंत ताणी. हाच सुतारांना परिचित असलेला चपडा. १८५६ नंतर युरोपात निघालेल्या कृत्रिम रंगांनी लाखेच्या रंगाची निर्यात हळूहळू संपुष्टात आणली, तथापि चपड्याची मागणी शाबूत राहिली. शतकाच्या अखेरीस ध्वनिमुद्रिकांसाठी त्याचा उपयोग सुरू झाल्यावर तर तीत नवी भर पडली.

गालिच्यांच्या धंद्यावर याच कृत्रिम रंगांनी दुसऱ्या बाजूने आघात केला. मिर्झापूरचे गालिचे १८५१ च्या लंडन येथील प्रदर्शनात मांडले गेले होते व इंग्लंडात त्यांना चांगला खप होता. परंतु मागणीच्या घाईत लोकर निकृष्ट, गाठी विरळ आणि रंग स्वस्त व भडक होत गेले. बेळगावी जन्मलेले कलासमीक्षक जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात भारतीय गालिच्यांच्या या अधःपाताविषयी कठोर अभिप्राय दिला, आणि तो अवास्तव म्हणता येत नाही.

पितळ व काशाची भांडी घडविणाऱ्या कारागिरांची आळी, तसेच विंध्याच्या वालुकाश्माची पाथरवटी हेही येथील जुने व्यवसाय होत. शहरातील घाट व देवळे याच दगडाची आहेत. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ८० हजार होती. तोवर कापसाच्या घाऊक पेठेचे महत्त्व ओसरले होते. चपड्याचे कारखाने आणि भांड्यांचा धंदा शहरात चालू होता, तर गालिच्यांचे माग बहुतांशी गंगेपलीकडील भदोही, घोसिया, खमरिया या गावांत विखुरलेले होते.