रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नागपुरातील सेवाकार्य : एक ऐतिहासिक आकलन

आज धंतोली ही रुग्णालयांची वस्ती म्हणून ओळखली जाते. तिला लागूनच असलेल्या सीताबर्डीच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सेवेची एक निराळी कल्पना आकार घेत होती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी रे. स्टीफन हिस्लॉप (१८१७–१८६३) हे १८४५ मध्ये नागपुरात आले. त्या वेळी येथे तिसरे रघुजी भोसले यांचे राज्य होते. कामठी छावणीतील मद्रास सैन्याचे अधिकारी विल्यम हिल यांच्या देणगीमुळे हे मिशन उभे राहू शकले.

ईश्वराने आपणास सुवार्तेसाठी पाचारण केले आहे, अशी हिस्लॉप यांची श्रद्धा होती. तथापि त्यांनी १८४६ मध्ये प्रथम काढली ती शाळा. तीत बायबलचे शिक्षण होतेच. पालकांना मात्र मुलांसाठी इंग्रजी हवी होती. हा व्यवहार दोन्ही पक्षांना ठाऊक होता, असे म्हणावयास हरकत नाही. म्हणूनच त्यांचे शिक्षणकार्य धर्मप्रसारापासून वेगळे काढून त्याचा निव्वळ गौरव करणे, किंवा धर्मांतराचा डाव म्हणून ते मोडीत काढणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. धर्मांतरितांची संख्या अल्पच राहिली. शाळेची परंपरा मात्र वाढत गेली आणि १८८३ मध्ये त्यांच्या नावाने महाविद्यालय स्थापन झाले. मॉरिस कॉलेज त्यानंतरचे, १८८५ चे.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह हिस्लॉप यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांचाही अभ्यास केला. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजनाम त्याचीच खूण होय. परंतु सेवेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे ते गोंड समाजाविषयीचे त्यांचे कार्य. ज्यांना उपदेश करावयाचा त्यांची भाषा, देवता व गीते आधी समजून घ्यावयास हवीत, या जाणिवेतून त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे जमविली. उपदेशकाने श्रोता व्हावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. टिपणे अपुरीच राहिली. सर रिचर्ड टेंपल यांनी ती संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोची गोंडी गीते अनुवादासह समाविष्ट आहेत. मौखिक परंपरेने चालत आलेल्या या गीतांचा तो एक अत्यंत जुना लिखित आधार असून, गोंडी संस्कृतीच्या अभ्यासकास आजही त्याकडे वळावे लागते.