चार बोटे दारू

दिवाळीतला फटाका वाजला की आपण कानांवर हात ठेवतो आणि हसतो. त्याच जातीची काळी दारू आमच्या मराठवाड्यात कित्येक वर्षे पिकांची राखण करीत होती, आणि तिचे माप चुकले तर हसण्याची सोय नसे.

माझ्या लहानपणी कंधारकडच्या आमच्या गावात एक म्हातारे रखवालदार होते. सारा गाव त्यांना तात्या म्हणे. १९४८ साली, रझाकारांच्या धामधुमीत, त्यांनी तरुणपणी हीच ठासणीची बंदूक घेऊन वेशीवर रात्री जागवल्या होत्या. पुढे तीच बंदूक ज्वारीतल्या रानडुकरांसाठी उरली. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा निराळा विचार केला आहे.

तात्या बांबूच्या एका पेरात दारू घेत, नळीत ओतत, वर चिंधीचा बोळा घालून गजाने ठासत. रिकाम्या नळीत गज बरोबर तोंडापर्यंत बुडे. दारू भरली की तेवढाच तो वर राही. त्या वर राहिलेल्या भागाला ते बोटे लावून पाहत. चार बोटे भरली की बस्स!

"तात्या, तराजू का नाही घेत?" मी एकदा विचारले.

"रानात तराजू कोण धरील, बाळा? आन् बोटं काही घरी इसरत नाहीत."

ही काही आमच्याच गावची युक्ती नव्हे. देशोदेशीचे शिकारी शिशाची गोळी तळहातावर ठेवून ती झाकेपर्यंत वर दारू ओतीत, आणि तेच माप धरीत. शिंगाचा तुकडा, पोकळ हाड, बांबूचे पेर, जे हाताशी येई तेच माप होई.

पण दारू काही सगळीकडे एकसारखी नसे. शोरा, गंधक आणि कोळसा यांची ती बनते. कोळसा तुराट्यांचा की आणखी कशाचा, दाणा जाड की बारीक, यावर तिचा जोर ठरे. दमट झाली तर ती सुस्त पडे. म्हणूनच रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले आहे की दारूची मडकी आठा-पंधरा दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे.

फौजेला असे बोटांवर विसंबून चालत नाही. १७६० च्या फेब्रुवारीत आमच्या उदगिरास सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले, तेव्हा इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण त्यांच्या बाजूने लढली. अशा पलटणींची रीतच निराळी. आधीच मोजून कागदात बांधलेली पुडी शिपायाने फाडायची आणि नळीत रिती करायची. माप शिपायाच्या हातातून निघून कारखान्यात गेले. शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र बोटेच राहिली.

ती बोटे एकदा महागात पडली. शेजारच्या गावचा एक तरुण तात्यांकडून माप शिकून गेला. त्याच्या घरची बंदूक जुनी, नळी तात्यांच्या नळीहून दीडपट रुंद आणि आतून झिजलेली. त्याने इमानाने चारच बोटे भरली. पण नळी दीडपट रुंद झाली की तेवढ्याच उंचीत सव्वादोनपट दारू मावते, हे गणित त्याला कोणी सांगितले नव्हते. पहिल्याच बाराला नळी फाटली. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटे गेली.

तात्या त्याला पाहून आले आणि ओसरीवर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चुकलं माझंच. बोटं दावली, पर नळी इचारली नाही."

त्यानंतर कोणी माप विचारायला आला की तात्या म्हणत, "आधी बंदूक घेऊन ये."

आज मी वर्गात घनफळ शिकवतो. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना ही गोष्ट सांगतो. ज्याचे माप त्यालाच लागू, हे त्यांना मग दोनदा सांगावे लागत नाही.