बालाघाटाची भूरचना आणि बीडचा जलइतिहास

प्रस्तावना : मराठवाड्याच्या इतिहासलेखनात राजवटी, लढाया व जहागिऱ्या यांना प्राधान्य मिळाले, ज्या डोंगररांगेवर हा इतिहास घडला, ती मात्र पार्श्वभूमीलाच राहिली. बालाघाटाच्या खडकरचनेने बीड परिसराच्या जलव्यवस्थेला कसा आकार दिला, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

भूरचना : फारसीत 'बाला' म्हणजे वरचा, बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. बीड जिल्ह्याचे घाटावरचा प्रदेश व गोदाकाठची गंगथडी असे दोन नैसर्गिक विभाग पडतात. हिमालयाप्रमाणे बालाघाट हा वलीपर्वत नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार बनले. नद्यांनी ते झिजविल्यावर उरलेला उंचवटा म्हणजे ही रांग. येथे उगम पावणारी बिंदुसरा सिंदफणेमार्गे गोदावरीस मिळते, तर मांजरा दूरवर वळसा घालून अखेर गोदावरीसच मिळते. कठीण काळ्या बसाल्टात पाणी मुरत नाही. ते मुरमात, भेगांत व सच्छिद्र थरांतच साठते.

ऐतिहासिक साक्ष : या मर्यादेची जाण बीडच्या खजाना विहिरीत दिसते. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधविली. भूमिगत बांधीव बोगद्यांतून पाणी विहिरीत येते व तसेच पुढे शेतीकडे जाते. येथे मोटेचे काम उतारच करतो. बांधणाऱ्यांजवळ भूशास्त्राचे ग्रंथ नव्हते. परंतु जमिनीचा उतार व पाझर त्यांनी अचूक ओळखला होता.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचा प्रसार झाला. पाझराच्या थराखाली, कठीण खडकात पाण्याचा शोध सुरू झाला. भेग लागली तर पाणी, अन्यथा केवळ कर्ज. केज तालुक्यातील धनेगावचा मांजरा प्रकल्प कोरडा पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ऊसतोडीसाठी दरवर्षी होणाऱ्या स्थलांतराचा विचारही याच भूमीच्या संदर्भात करावा लागेल.

निष्कर्ष : अवर्षण निसर्गाधीन आहे, पाणीटंचाई मात्र खडकाची मर्यादा न ओळखणाऱ्या नियोजनाचेही फलित आहे. म्हणून जुन्या विहिरी व बारवा यांकडे केवळ स्थापत्याचे अवशेष म्हणून न पाहता, भूजलाविषयीच्या संचित ज्ञानाची साधने म्हणून पाहावे. त्या बुजण्यापूर्वी इतिहास व भूगोल या विभागांनी त्यांची एकत्रित नोंद करणे अगत्याचे आहे.