स्वदेशीचा भागभांडवलदार

अकोला-अमरावतीचा कापूस हाताशी असल्याने जमशेटजी टाटांनी नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया त्याच दिवशी सम्राज्ञी घोषित झाली, म्हणून नाव तिचे!

१९०५ नंतर देशी गिरण्यांत पैसा गुंतवणे हेही देशकार्य मानले गेले. वऱ्हाडात अमरावतीचे दादासाहेब खापर्डे स्वदेशीचा पुरस्कार करीत होते. पण मागणी वाढताच मुंबईच्या गिरणीमालकांनी धोतरांचे भाव चढवले. ग्राहकाच्या त्यागावर भागधारकाचा लाभांश फुगावा, हे स्वदेशी कसले?

अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडात भाग नव्हता, लाभांशही नव्हता. माणशी वर्षाला एक पैसा, बस्स. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला आणि तेथे तरुण काचकाम शिकू लागले.