जिनची झिंग आणि नागाचा डंख

१८४९ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सर्पगृह उघडलं. तिथे सापांना भक्ष्य जिवंतच घालत, तेही लोकांसमोर.

१८५२ च्या ऑक्टोबरात रखवालदार एडवर्ड गर्लिंग जिन पिऊन कामावर आला. झिंगेत त्याने भारतीय नाग बाहेर काढला आणि नाकावर डंख ओढवून घेतला. थोड्याच वेळात इस्पितळात त्याने प्राण सोडला. प्रतिविष यायला अजून चाळीसेक वर्षं होती!

साप हाताळताना सावधगिरी आजही लागतेच. ब्रिटनमधले हौशी लोक बॉल पायथन हे बिनविषारी अजगर पाळतात. अजगराला ऊब आणि वास कळतो. उंदराचा वास लागलेला कोमट हात त्याच्या लेखी उंदीरच. त्यामुळे हात आधी धुवायचे, मग गोठवलेला उंदीर कोमट करून लांब चिमट्याने द्यायचा.